23 मिलिमीटर

शिरोली एमआयडीसीत आमचं शेड आहे. त्या शुक्रवारी लिफ्टवर 2008 ची होंडा सिविक होती. 1.8 लिटर, आतल्या मागच्या सीटा काढलेल्या, गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा लोखंडी सांगाडा, म्हणजे रोल केज, बसवलेला. मालक रात्री ती ट्रेलरवर घालून कोइम्बतूरला करीच्या रेसिंग ट्रॅकवर नेणार होते. त्याआधी नवा सायलेन्सर पाइप बसवून हवा होता. रस्त्यावर चालवायची गाडी असती तर मी काम घेतलंच नसतं. गाडीची कंपनीनं दिलेली मूळ रचना बदलायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही आमच्या धंद्यात पाठ असावे लागतात.

दुपारचे साडेबारा. अडीच इंची स्टेनलेसचा नवा पाइप टॅक मारून, म्हणजे तात्पुरते वेल्डचे ठिपके देऊन, जागेवर धरला, आणि तो मागच्या ब्रेसवर चक्क बसला. ही ब्रेस म्हणजे बाहेरून आणून लावलेली 28 मिलिमीटरची दांडी. दोन्ही बाजूंच्या लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यांच्या, आतल्या बोल्टांमध्ये आडवी, पाइपच्या बरोबर खालून जाणारी. कंपनीचा जुना सायलेन्सर बारीक पाइपचा, म्हणून तोवर दोघांचं जमत होतं.

मालक म्हणाले, "दादा, मधनं वाकवा की थोडी खाली. यू करून टाका."

आमच्या पोरानं तर गॅस पेटवलाही होता. मामांनी त्याला थांबवलं. मामा म्हणजे आमचे वेल्डर, फाउंड्रीतून निवृत्त होऊन आलेले. त्यांनी वेल्डिंगच्या जोडात वितळवून भरतात ती बारीक तार उचलली, दोन हातांत धरून ताणली. काही झालं नाही. मग तिला मध्ये अंगठ्यानं एक बाक दिला आणि मालकांच्या हातात दिली. "आता वढा." तार सहज उघडून लांब झाली. "तुमची दांडी पण असंच करणार कॉर्नरला," एवढं बोलून मामा चहाला गेले.

ब्रेसचं काम एवढंच असतं, दोन टोकं एकमेकांपासून लांब जाऊ नयेत किंवा जवळ येऊ नयेत. सरळ दांडी ओढ आणि दाब अंगावर घेते. मध्ये बाक आला की तोच जोर तिला वाकवायला लागतो, आणि वाकायला लोखंडाला फार जोर लागत नाही. खरं सांगायचं तर त्या सिविकला ब्रेसमुळे किती फरक पडत होता याबद्दल मला शंकाच आहे. दांडी काढून ठेवली असती तरी मालकांना फरक कळला नसता. पण त्यांना ती हवी होती, आणि असेल तर मग नावापुरती नको.

मी गाडीखाली उताणा पडून व्हर्नियर लावत होतो तेव्हा लक्षात आलं की दांडीची मधली सरळ रेषा हलवायची नाही, जाडी कमी करायची. दांडी मध्ये 160 मिलिमीटर कापायची आणि तिथं 40 बाय 8 ची सपाट पट्टी आडवी घालायची. दांडीची भिंत 2 मिलिमीटर, म्हणजे तिचं क्षेत्रफळ 163 चौरस मिलिमीटर. पट्टीचं 320. ओढ घ्यायला दुपटीच्या आसपास माल, आणि वरच्या अंगाला 10 मिलिमीटर जागा मोकळी. उरलेली जागा पाइपनं द्यायची. 63.5 चा गोल पाइप 50 पर्यंत चपटा केला की वरची बाजू तिथंच ठेवून खालून साडेतेरा मिळतात. घेर तोच राहतो, त्यामुळे आतली वाट पाच टक्केसुद्धा कमी होत नाही. दोन्ही मिळून 23 च्या वर झाले.

प्रेसमध्ये पाइपचा तुकडा दोन जाड प्लेटांमध्ये ठेवला. 50 वर दाबला तर सोडल्यावर 53 वर आला. स्टेनलेस हट्टी. 47 पर्यंत नेला तेव्हा कुठं 50 वर थांबला. चपटा भाग मुद्दाम 300 लांब ठेवला. तीन मीटर पाइप सरासरी 200 अंशांनी तापला तर 10 मिलिमीटर लांबतो, आणि नेमकी जाडी वाढते ती जागा दांडीवर सरकून यायला नको. वेल्ड करताना पाइपच्या आत आर्गॉन वायू सोडला, नाहीतर आतून जोड काळा आणि साखरेसारखा खरबरीत होतो.

दांडीच्या दोन्ही टोकांना चिरा पाडून पट्टी 40-40 आत सरकवली आणि चारी बाजूंनी भरली. सगळं टेबलावर. टाकीशेजारी वेल्डिंग करायचं नाही, हा आमच्याकडे न लिहिलेला नियम.

बसवताना पोरानं लिफ्टवरच बोल्ट पूर्ण आवळले. मी परत ढिले करायला लावले. चाकं लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट आवळले की गाडी खाली आल्यावर बुशचं, म्हणजे बोल्टाभोवतीच्या नळीचं, रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी चाकांवर घेतली, दोन-चार वेळा दाबली, मग आवळले. पाइप हातानं हलवून पाहिला. रबर हँगरवर तो दहा-बारा मिलिमीटर हलला, कुठं लागला नाही. साडेनऊला ट्रेलर निघाला.

रविवारी संध्याकाळी मालकांचा फोन. गाडी छान, आवाज नाही, कुठं लागलं नाही. "फक्त दादा, पिटमध्ये एका पोरानं जॅक त्या पट्टीखालीच लावला."

आडव्या पट्टीला खालून जोर सोसायची ताकदच नसते. फोटो मागवला. मध्ये तीन-चार मिलिमीटर वर आली होती, पण पाइपला अजून टेकली नव्हती. परत आली की नवी पट्टी घालून देतो म्हटलं. ती घातली तेव्हा मामांनी खालच्या अंगाला लाल रंगात जॅकचं चित्र काढून त्यावर फुली मारली. चित्र बऱ्यापैकी बदकासारखं दिसतं.