तुम्ही विचारलंत म्हणून: फॉक्सप्रोनंतर सी-शार्पच का?

पतसंस्थांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिणारे व्यवसायबंधू मला नेहमी विचारतात की, व्हिज्युअल फॉक्सप्रो ही मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा सोडल्यावर तुम्ही त्याच कंपनीची सी-शार्प का घेतलीत, पायथन का नाही? प्रश्न रास्त आहे. मात्र भाषा हा माझा शेवटचा निर्णय होता, पहिला नव्हे.

फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती निघणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने मार्च २००७मध्ये जाहीर केले आणि ९.० या आवृत्तीचे विस्तारित साहाय्य जानेवारी २०१५मध्ये संपले. त्या दिवशी एकही प्रोग्रॅम बंद पडला नाही, आजही ते विंडोजवर चालतात, आणि म्हणूनच आमच्यापैकी अनेकांनी हा विषय वर्षानुवर्षे पुढे ढकलला. खरी अडचण माहितीच्या साठ्याची होती. फॉक्सप्रो ज्यात नोंदी साठवते त्या एका डीबीएफ फाइलला दोन गिगाबाइटची मर्यादा आहे. पिग्मीच्या रोजच्या नोंदी वाढत गेल्या की ती जवळ येते. शिवाय फॉक्सप्रोला युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती, कळत नाही, त्यामुळे सभासदांची मराठी नावे एखाद्या विशिष्ट फाँटच्या संकेतांत साठवलेली असतात आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर ती वाचताच येत नाहीत.

म्हणून सर्वप्रथम सगळी माहिती पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये नेली. सर्वांत जास्त वेळ नावांनी खाल्ला. ‘शिर्के’ हे आडनाव घ्या: जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी ‘श’च्या आधी आणि रफार ‘के’च्या नंतर साठवलेला असतो, तर युनिकोडमध्ये वेलांटी ‘श’नंतर आणि ‘र्’ हा ‘के’च्या आधी लागतो. नुसती चिन्हे बदलून भागत नाही, त्यांचा क्रमही फिरवावा लागतो. हे काम मी पायथनमध्येच केले, कारण मजकुराची अशी उलटापालट तिच्यात झटपट लिहून, तपासून, टाकून देता येते.

मुख्य प्रोग्रॅमसाठी मात्र निकष वेगळे होते. डीबीएफमध्ये न्युमेरिक प्रकारची रक्कम ठरलेल्या दशांशांसह अंकांच्याच रूपात साठवली जाते. नव्या भाषेत ती द्विमान अपूर्णांकात (संगणकाच्या शून्य-एकच्या रूपातल्या अपूर्णांकात, ज्याला सी-शार्पमध्ये ‘डबल’ म्हणतात) गेली की ०.१ आणि ०.२ यांची बेरीजही नेमकी ०.३ येत नाही, आणि व्याजाच्या हजारो नोंदींनंतर तेरीज पैशापैशाने चुकू लागते. सी-शार्पमध्ये डेसिमल, म्हणजे दशमान पद्धतीनेच आकडा ठेवणारा प्रकार, हा भाषेचाच मूळ प्रकार आहे. पायथनमध्येही तो मिळतो, पण आठवणीने मागवावा लागतो. शिवाय डेसिमल आणि डबल चुकून एकाच बेरजेत आले तर सी-शार्पचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन, प्रोग्रॅम तयारच करत नाही. अशी अडवणूक मला हवी होती, कारण पुढे हा प्रोग्रॅम सांभाळणारी मुले माझ्या डोक्यातले नियम वाचू शकणार नाहीत.

एका कंपनीच्या भाषेने दगा दिल्यावर पुन्हा त्याच कंपनीच्या भाषेकडे का जावे, असा टोमणाही मिळतो. पण सी-शार्प ज्यावर चालते त्या डॉटनेटचा गाभा मुक्तस्रोत करण्याची, म्हणजे त्याचा कोड सर्वांसाठी खुला करण्याची, घोषणा २०१४मध्येच झाली. उलट कोणा एका कंपनीची नसलेली पायथन २ या आवृत्तीचे साहाय्य देखील १ जानेवारी २०२०पासून बंदच झाले आहे. मालकी हा निकष मला वाटला होता त्यापेक्षा कच्चा निघाला.

तुमचे ग्राहक काउंटरवरच्या विंडोज संगणकाऐवजी ब्राउझरमध्ये काम करणार असतील आणि हाताशी पायथन जाणणारी माणसे असतील, तर खुशाल पायथन घ्या. फक्त रकमेच्या स्तंभाचा प्रकार आधी ठरवा.