पाच पत्ते आणि एक मुंज

तर झालं असं की बायकोच्या चुलतभावाच्या मुलाची मुंज, रविवारी, नाशिकला, आणि मला अजिबात जायचं नव्हतं. तिलाही नसावं असा माझा अंदाज, पण विचारणार कसं? मी "टाळूया का" म्हणालो आणि तिला जायचं असलं तर दिवाळीपर्यंत ऐकून घ्यावं लागणार. आणि माणसं तिच्याकडची, त्यामुळे ती काही स्वतःहून नको म्हणणार नाही.

नेमक्या ह्याच अडचणीवर पत्त्यांचा एक जुगाड आहे. बर्ट डेन बोअर नावाच्या क्रिप्टोग्राफरने, म्हणजे गुप्तलेखनाच्या अभ्यासकाने, 1989 च्या युरोक्रिप्ट परिषदेत मांडलेला, आणि त्याच्या पेपरच्या नावातच मॅचमेकिंग आहे, म्हणजे कांदेपोह्यांचाच मामला. दोघांचं हो असेल तरच हो कळतं.

पत्ते लागतात पाच, तीन बदाम दोन किलवर, आणि सगळे बदाम हुबेहूब सारखे, किलवरही तसेच. मी तीन कॅटमधून तीन बदाम सत्त्या काढल्या आणि दोन किलवर सत्त्या. एकेकाकडे एक बदाम एक किलवर, उरलेला बदाम मध्ये पालथा. हो म्हणायचं असेल तर आपला बदाम मधल्या पत्त्याला लागून ठेवायचा आणि किलवर बाहेरच्या बाजूला, नाही असेल तर उलट, सगळं पालथंच. मग गठ्ठा करून पिसायचा नाही बरं का, फक्त कापायचा, वरचे थोडे खाली, दोघांनी आळीपाळीने, कुठून सुरू झालं होतं ते कोणालाच सांगता येणार नाही इतक्या वेळा. मग उताणे करून गोलात मांडायचे. तिन्ही बदाम शेजारी आले तर दोघांचं हो.

आणि नाही आलं तर? मला आधी पटलंच नाही, रात्री कागदावर काढून बघितलं. डावीकडे माझे दोन, मग मधला, मग तिचे दोन. फक्त माझं हो असेल तर किलवर बदाम बदाम किलवर बदाम, फक्त तिचं असेल तर बदाम किलवर बदाम बदाम किलवर, दोघांचं नाही असेल तर बदाम किलवर बदाम किलवर बदाम. आता हे गोल फिरवून बघा, तिन्ही एकच! कापल्यावर ओळखायला काही उरतच नाही.

एक मेख आहे. माझं हो आणि निकाल नाही, म्हणजे तिचं नाही हे मला कळणारच, त्याला इलाज नाही. पण माझं हो होतं हे तिला कळत नाही, आणि माझ्या दृष्टीने मुद्दा तोच होता.

तर शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर बसलो. "टाळूया" म्हणजे हो. ठेवले, कापले, मांडले, तीन बदाम काही एकत्र नाहीत. मी गप्प. बायको एका किलवरवर बोट ठेवून म्हणाली, "हा तुझा बाहेरचा पत्ता होता ना रे?" कॅट जुना, पोराने कोपरा दुमडलेला, आणि पालथा असतानाच तिने तो हेरून ठेवलेला. बाहेर किलवर म्हणजे माझं हो. डेन बोअरचं गणित बरोबर, माझा कॅट भंगार.

मुंजीला गेलो.

आल्यावर तीन कोरे कॅट आणले आणि जरा वाचलंही. 1993 मध्ये क्रेपो आणि किलियन या संशोधकांनी दाखवलं की असे भरपूर पत्ते असले तर कुठलंही गणित गुपचूप करता येतं, आणि 2012 मध्ये मिझुकी वगैरे जपानी मंडळींनी आपलं हे पाच पत्त्यांचं काम चारात बसवलं, त्यात गठ्ठ्याचे दोन सारखे भाग करून, कुठला वर आला ते कोणालाच कळणार नाही अशी त्यांची अदलाबदल करायची असते. ते करून बघायला बायको तयार नाही.

बाकी नव्या कॅटमधल्याही सत्त्या मी वेगळ्या डबीत ठेवल्यात, त्यामुळे परवा भाचेकंपनी बदाम सात खेळायला बसली आणि दहा मिनिटं एकमेकांना विचारतेय, अरे बदाम सत्ती कोणाकडे आहे, उतर ना.