औलीला जाताय? रोपवेच्या भरवशावर राहू नका

जानेवारीच्या शेवटी आम्ही पाच जण उत्तराखंडमधल्या औलीला, बर्फात स्की करायच्या ठिकाणी, जाऊन आलो, सोबत आई पण होती, आणि निघायच्या आधीपासून तिचा एकच हट्ट की खालच्या जोशीमठ गावाहून वर रोपवेनेच जायचं. आमच्या एजंटने पॅकेजच्या कागदावर 'रोपवे इन्क्लुडेड' असं चक्क छापून दिलेलं, मी पण नेटवर बघायचा आळस केला. तिथे गेल्यावर ड्रायव्हर हसला, म्हणाला जानेवारी 2023 मध्ये जमीन खचली तेव्हापासून बंद आहे.

1994 पासून चालत होता हा रोपवे. दहा टॉवर, चार किलोमीटरच्या आसपास तार, वीस-पंचवीस मिनिटांत सरळ 3000 मीटरच्या वर. तार झिजली, मोटर दमली तर बदलता येते हो, पण पहिला टॉवर जिथे रोवलाय ती जोशीमठची जमीनच सरकायला लागली तर काय बदलणार? गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, जड बांधकाम करू नका असं सरकारनेच नेमलेल्या मिश्रा समितीने 1976 मध्येच सांगितलेलं, ऐकलं कोणी? आता घाटातून जाताना ते टॉवर दिसतात, आई प्रत्येक वेळी मान वळवून बघत होती.

असो. आता जायचं कसं ते सांगते.

ऋषिकेशहून पहाटे निघा, डोंगरात अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, आणि देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग करत जोशीमठला पोचायला पूर्ण दिवस जातोच. तिथून वर तेरा-चौदा किलोमीटरचा घाट आहे. बर्फ पडलेला असेल तर आपली गाडी खालीच ठेवा आणि चाकांना साखळी लावलेली लोकल जीप घ्या, भाव आधी ठरवा, आम्ही नाही ठरवला आणि व्यवस्थित कापले गेलो.

वर आता भिस्त चेअरलिफ्टवर, साधारण 800 मीटरची, उघड्या खुर्च्यांची. हवा बिघडली की बंद करतात, म्हणून दुपारवर ढकलू नका, सकाळी आठ-साडेआठलाच लायनीत उभे रहा, कॅश जवळ ठेवा, रेंजचा भरवसा नाही. बसताना बॅग पाठीवर नको, पुढे मांडीवर घ्या. हातमोजे दोन जोड न्या कारण दांडा बर्फासारखा गार असतो आणि एक जोड ओली होतेच. आई आधी नको नको म्हणत होती, वर गेल्यावर समोर नंदादेवीचं शिखर दिसलं आणि गप्पच झाली.

स्की शिकायचं असेल तर दोन दिवसांत काही होत नाही, गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, ते आधी बुक करा. नुसतं बर्फात खेळायचं असेल तर बूट भाड्याने मिळतात, पण घालून, चालून बघा, माझा डावा गळत होता.

एजंटकडे रोपवेचे पैसे परत मागितलेत. 'बघतो ताई' म्हणालाय.