क्लाउड चेंबर अपडेट: थोरॉनचा व्ही दिसला एकदाचा!

मंडळी, दिसला! (क्लाउड चेंबर म्हणजे थंड प्लेटवरच्या अल्कोहोलच्या वाफेत किरणोत्सारी कणांची वाट धुक्याच्या रेषेसारखी दाखवणारी पेटी.) एकाच ठिकाणाहून फुटलेल्या दोन जाडजूड अल्फा रेषा (अल्फा म्हणजे अणुकेंद्रातून सुटणारा जड कण), चक्क व्ही. थोरॉन, म्हणजे रेडॉन-२२० हा किरणोत्सारी वायू, अल्फा सोडून फुटतो, त्याचं पोलोनियम-२१६ होतं आणि त्या पोलोनियमचं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) जेमतेम ०.१४५ सेकंद, त्यामुळे पहिली रेषा विरायच्या आत दुसरा अल्फा तिथूनच सुटतो. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेला की व्हीचे दोन पाय मागेपुढे उमटताना दिसतात, किती वेळा बघितलं विचारू नका.

आता रडगाणं. मागच्या वेळी सांगितलेलं, प्लेट उणे १८ च्या खाली जायलाच तयार नव्हती, अल्कोहोलचा नुसता पाऊस आणि रेषा एक नाही. स्टॅक नेहमीचाच, १२७०६ नंबरच्या पेल्टिअरवर (वीज दिली की एक बाजू थंड, दुसरी गरम होणारी चकती) दुसरा १२७०६, दोन्हीला १२ व्होल्ट. हीटसिंक बदलला, फॅन मोठा लावला, मग प्रोसेसरचा वॉटर कूलर, पेस्ट पुसून परत पातळ लावली, ढिम्म. गोम अशी की वरचा पेल्टिअर प्लेटची उष्णता ओढतो ती तर खाली टाकतोच, वर स्वतः खाल्लेली सगळी वीज पण उष्णता म्हणून खालच्याच्या बोकांडी बसवतो, आणि खालच्याला एवढं उपसता येत नाही. वरच्याला फक्त ५ व्होल्ट दिले, खालचा १२ वरच, आणि प्लेट सरळ उणे ३१! कमी वीज देऊन जास्त थंड, विचित्र वाटतं पण हिशोब पक्का आहे. आणि हो, पेल्टिअरवर छापलेल्या नंबरावर विश्वास नको, माझ्याकडचे दोन एकाच नंबरचे पण करंट बराच वेगळा खातात, मीटर लावून बघाच.

सोर्स तोच, लाल टोकाचे टिग वेल्डिंगचे थोरिएटेड, म्हणजे थोरियम मिसळलेले रॉड, त्यातूनच थोरॉन निघतो. बाटलीत बंद ठेवायचे, सिरिंजने आतली हवा ओढून चेंबरमध्ये सोडायची, झटपट, कारण थोरॉनचं अर्धायुष्य ५६ सेकंदच. रॉड घासू-बिसू नका हं, अल्फा कागदानेही अडतो पण धूळ फुफ्फुसात गेली की मधे कागद नसतो.

रॉडच चेंबरमध्ये ठेवला तर बीटाच्या, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनच्या, बारीक नागमोडी रेषा पण मिळतात. गॅमा किरण स्वतः काहीच उमटवत नाही, त्याने उडवलेला इलेक्ट्रॉन तेवढा दिसतो.

पुढचं काम क्लिअरिंग फील्डचं होतं, म्हणजे चेंबरमध्ये विद्युतक्षेत्र लावायचं, जुन्या रेषांचे उरलेले आयन ओढून घ्यायला, पण हे लिहितानाच सुचलं की आधी निओडिमियम मॅग्नेट लावावा. ०.३ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात १ एमईव्ही ऊर्जेचा बीटा दीड-पावणेदोन सेंटीमीटर त्रिज्येत वळतो, अल्फाची त्रिज्या मीटरभर, म्हणजे तो सरळच दिसणार, दोघं एका फ्रेममध्ये मिळाले तर मजाच. क्लिअरिंग फील्ड राहू दे मग. अडचण एकच, प्लेटखाली पेल्टिअर बसलेत. रिंग मॅग्नेट प्लेटच्या वर ठेवून कुणी केलंय का, वाफेचा थर बिघडतो का त्याने?