मोंढ्यातले पाचारण

रविवार, रात्री

आज उपासनेत लूककृत शुभवर्तमानातील लेवी या जकातदाराच्या पाचारणाचा भाग वाचला गेला आणि मन दिवसभर त्या जकातनाक्यापाशीच रेंगाळले. येशूने या शिष्यांना हाक दिली तेव्हा प्रत्येक जण आपल्या कामात होता: शिमोन आणि अंद्रिया समुद्रात जाळे टाकत होते, याकोब आणि योहान जाळी नीट करत होते, लेवी वसुलीला बसला होता.

लेवी सर्वस्व सोडून उठला. त्याच शुभवर्तमानातल्या जक्कयाला, यरीहो शहरातल्या मुख्य जकातदाराला, मात्र यरीहो किंवा धंदा सोडण्याची आज्ञा झाल्याचा उल्लेख नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला नाडले असेल त्याला चौपट परत करण्याचे त्याने कबूल केले, आणि त्याच दिवशी त्याच्या घराला तारण प्राप्त झाले. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीच्या दुकानावर हिशोब पाहणारा दिवाणजी असलेल्या मला हा जक्कय फार जवळचा वाटतो.

सोयाबीनच्या हंगामात शेतकऱ्याचे सारे लक्ष ओलावा मोजणाऱ्या यंत्राकडे असते. हमीभावाच्या खरेदीत साधारणतः बारा टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो, पण खुल्या बाजारात त्याहून अधिक आकडा आला की भाव पडतो, आणि मूठभर दाणे नेमके पोत्याच्या कोणत्या भागातून घेतले यावर तो आकडा बदलतो. म्हणून मी वरचे, मधले आणि तळाचे दाणे एकत्र करून मोजतो. हिशोबपट्टी हातात देण्याआधी हमाली, तोलाई, बारदान अशी प्रत्येक कपात मोठ्याने वाचून दाखवतो. परवा अंबडकडचे एक मामा ऐकता ऐकता बोटांवर बेरीज करत होते. त्यांची बेरीज जुळेपर्यंत मी थांबलो, मागे रांग वाढत होती तरी. प्रार्थनेइतकीच ही कामेही मी प्रभूपुढे करतो.

विश्वास असा रोजच्या कामात जगण्याची परंपराही याच मातीत आहे. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी पुढे निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर, जालन्याजवळ, बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, आणि तिथल्या मंडळीचा विश्वास गावाच्या रोजच्या जगण्यात रुजवला.

उद्या शेठजींकडे एक गोष्ट मांडायची आहे. सौदे सुरू होण्याआधी यंत्राची तपासणी शेतकऱ्यांसमोर व्हावी आणि ज्याला आकडा पटत नाही त्याला दुसऱ्यांदा मोजून मिळावे. ते नाराज होण्याचा संभव आहे. तरी सकाळी दुकान उघडताच, गर्दी होण्यापूर्वी, मी हे त्यांना सांगणार आहे.