पद्मिनीचा अग्निशामक: बाटली तासाभरात ठरली, जागा ठरायला तीन रविवार गेले

पहिला रविवार

घरच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीची ही नोंद. मागच्या नोंदीत तिचा कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) धुऊन बसवला होता. आज सेल्फ मारला. पहिल्यांदा नुसती खरखर. दुसऱ्यांदा कार्ब्युरेटरच्या तोंडातून फाट्‌कन उलटा ठोका आणि वर वीतभर ज्वाळा. एअर क्लीनर मी हौसेने काढून ठेवला होता, आत काय चाललंय ते दिसावं म्हणून. तो जागेवर असता तर ज्वाळा तिथेच अडली असती. त्यात पंपाकडून येणारा रबरी होज क्लिपपाशी पाझरत होता, म्हणजे आगीची सोय मीच करून ठेवलेली.

हाताशी विझवायला काहीच नव्हतं. दोरीवर आईने वाळत घातलेली चादर होती, आपली सोलापुरी, जाड सुताची. ती ओढली, घडी करून कार्ब्युरेटरवर दाबून धरली. विझलं. चादरीला मधोमध ताटाएवढं भोक पडलं. आई बाहेर आली, आधी चादरीकडे बघितलं, मग गाडीकडे, आणि सगळ्यात शेवटी माझ्या हाताकडे.

अण्णांच्या वेळेपासून ही गाडी सांभाळणारे आमचे मेस्त्री चाचा फोनवर म्हणाले, "सेल्फ मारत राहायचं होतं की बे, आत ओढून घेती ती." ज्वाळा कार्ब्युरेटरच्या तोंडातच असेल तर हे बरोबर आहे. पण बाहेर होज पाझरत असताना सेल्फ मारला तर पंप आणखी पेट्रोल ओतणार. चाचांना हे सांगितल्यावर ते थोडं गप्प झाले आणि मग म्हणाले, "बाटली घेऊन टाक एक."

होज काढून बघितला. बाहेरून ठीक, वाकवला की आतून बारीक चिरा. वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, हे ऐकून होतो, आता डोळ्यांनी बघितलं. नवीन घेताना अंगावर एसएई ३०आर९ (इंधनाच्या होजचा एक दर्जा) छापलेला घेतला. क्लिपाही सगळ्या बदलल्या.

मंगळवार, संध्याकाळ

आधी ऑनलाइन मिळतो तो स्प्रेचा डबा घेणार होतो. दिसायला देखणा, ग्लोव्ह बॉक्समध्ये मावतो. पण डब्यावरची बारीक अक्षरं वाचली: ५० अंशांच्या वर ठेवू नये. मे महिन्यात सोलापुरात सावलीतच ४२-४३ असतं, बंद गाडीचं बोलायलाच नको. तो विचार तिथेच संपला.

अक्कलकोट रोडला फायरच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथे गेलो. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "काय विझवायचंय?" हाच प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही. गाडीत तिन्ही गोष्टी असतात: सीटचा फोम-रेक्झिन (ए वर्ग), पेट्रोल-ऑइल (बी) आणि वायरिंग. त्यामुळे सोडियम बायकार्बोनेटची बीसी पावडर बाद, ती पेट्रोल विझवते पण धुमसणाऱ्या फोमवर तिचा फारसा उपयोग नाही. सीओटू मागे काही घाण ठेवत नाही, इंजिनसाठी मोहात पाडतो. पण सिलिंडर जड, आणि रस्त्याकडेला वारं असलं की गॅस उडून जातो. क्लीन एजंटवाला, म्हणजे मागे काही न ठेवणाऱ्या गॅसचा, सगळ्यात सभ्य, किंमत मात्र कित्येक पट. हेलॉन या जुन्या आग विझवणाऱ्या गॅसची आठवण काढणारे लोक असतात, पण ओझोनच्या भानगडीत मॉन्ट्रियल कराराने त्याचा निकाल लावला.

राहिली एबीसी पावडर, म्हणजे ए, बी आणि सी (गॅसची आग) तिन्ही वर्गांवर चालणारी. यातला मुख्य घटक मोनो अमोनियम फॉस्फेट. इथे विचारून घ्या: ५० टक्केवाली आणि ९० टक्केवाली अशा दोन मिळतात, बाटली बाहेरून सारखीच. मी ९० घेतली. बाटलीवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५६८३ हा हाती अग्निशामकांच्या मानकाचा आकडा बघितला, भरल्याची तारीख बघितली, दाबाचा काटा हिरव्यात आहे ना ते बघितलं. बी अक्षराच्या आधीचा आकडा जेवढा मोठा, तेवढी मोठी तेलाची आग त्या बाटलीने चाचणीत विझवलेली असते. तोच आकडा बघून भाव करा, नुसत्या किलोवर जाऊ नका.

एक किलो की दोन, यावर अडलो. दुकानदार म्हणाला एक पुरे. मी दोन किलोची घेतली, का ते खाली येईल.

दुसरा रविवार

डिकीत ठेवायची नाही, हे आधीच ठरलं होतं. पद्मिनीची टाकी डिकीतच असते. आग मागे लागली तर बाटली आगीच्या पलीकडे. सीटखाली सुटी ठेवणं त्याहून वाईट. ब्रेक दाबला की ती घरंगळत पुढे येणार आणि पेडलखाली अडकणार.

स्टॉपवॉच लावून करून बघितलं. गाडीत बसलेला, पट्टा लावलेला, ‘आग’ म्हटल्यावर बाटली हातात यायला डिकीतून ३१ सेकंद (त्यातले निम्मे किल्ली शोधण्यात), मागच्या सीटच्या पायाशी १४, पुढच्या सीटच्या कडेला जमिनीवर ५. बायकोला डावीकडे बसवून करायला सांगितलं, तिला ४. तिने विचारलं, "गाडी चालू होत नाही, तिला आग कुठनं लागणार?" उत्तर नव्हतं.

दुपारी तीन वाजता थर्मामीटर ठेवून बघितलं. डॅशबोर्डवर ७१, सीटच्या सावलीत जमिनीवर ४८. बाटलीवर कमाल ६० लिहिलंय. म्हणजे जागा जमिनीवरच.

तिसरा रविवार

सोबत आलेली प्लॅस्टिकची क्लिप फेकली. वेल्डरकडून दीड इंची पट्टीचा लोखंडी कंस करून घेतला, वर खटक्याचा पट्टा, मध्ये सायकलच्या ट्यूबचं अस्तर. भोकं पाडण्याआधी गाडीखाली झोपून ब्रेकची आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते खडूने आखलं. खालून मोठे वॉशर, वरून नायलॉक (धक्क्यांनी न सुटणारे) नट, भोकांच्या कडांना रेड ऑक्साइड. बाटली अशी फिरवली की दारातूनच काटा दिसतो.

मग चाचांच्या गॅरेजमधली जुनी, मुदत संपलेली एक किलोची बाटली घेऊन विजापूर रोडच्या पलीकडच्या माळावर गेलो. पत्र्याच्या घमेल्यात लाकडाचे तुकडे पेटवले. पिन ओढताना लक्षात आलं की दांडा आधीच दाबून धरला तर पिन निघतच नाही. निघाली, तोपर्यंत वारं माझ्याकडे फिरलं. पहिला फवारा ज्वाळेच्या शेंड्यावर मारला, काही झालं नाही. चाचा ओरडले, "बुडात मार की बे!" बुडात मारला, इकडून तिकडे फिरवला, विझली. सगळं मिळून नऊ सेकंद आणि बाटली रिकामी. त्यातले चार मी वाया घालवले. दोन किलोची घेतल्याचं समाधान तेव्हा झालं.

तोंड, भुवया, शर्ट, सगळं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं. ही पावडर ओल धरते आणि धातू खाते. इंजिनावर मारावी लागली तर थंड झाल्यावर आधी कोरडी झटकायची, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन साध्या पाण्याने काढायची. आणि अर्धी वापरलेली बाटली परत कंसात ठेवायची नाही. पावडरचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात, दाब हळूहळू निघून जातो. भरून आणायची, मगच ठेवायची.

बॉनेटखाली आग असेल तर बॉनेट सताड उघडायचं नाही, हवा मिळाली की ती भडकते. खटका ओढून बोटभर फट करायची आणि फटीतून मारायचं. हे बायकोलाही दाखवलं, रिकाम्या बाटलीवर.

महिन्याच्या पहिल्या रविवारी बाटली कंसातून काढून उलटी करायची, बुडावर तळहाताने थापट्या द्यायच्या, धक्क्यांनी पावडर खाली घट्ट बसते म्हणून. काटा बघायचा. कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, आईच्या संकष्टीच्या शेजारी.

बॅटरीच्या निगेटिव्हला कट-ऑफ स्विच लावायचा राहिलाय, पुढच्या रविवारी. इग्निशनचं टायमिंगही परत बघायचंय. चादर मात्र नवीन आणली, चाटी गल्लीतून. जुनी गॅरेजमध्ये आहे, भोकासकट.