राजहंसगडावर चांदण्यात पोर्ट्रा ४००

बेळगावच्या किल्ले तलावाकाठचे दिवे टिपणं तसं सोपं. दिवे मुळातच उजळ, एक्सपोजर काही सेकंदांत आटपतं. या खेपेला येळ्ळूरच्या राजहंसगडावर पौर्णिमेला पोर्ट्रा ४०० हा कोडॅकचा रंगीत निगेटिव्ह रोल चालवला आणि रेसिप्रोसिटी फेल्युअरने, म्हणजे मंद उजेडात फिल्मला हिशेबापेक्षा जास्त वेळ लागण्याने, आपला हिसका दाखवला.

पोर्ट्राला एका सेकंदापर्यंत दुरुस्ती नको, त्यापुढे चाचणी घेऊन ठरवा, असं कोडॅक सांगतं. मी लाइट मीटरने सांगितलेल्या सेकंदांचा १.३ वा घात धरतो. १० चे २०, ३० चे ८३ आणि मिनिटाचे जवळजवळ साडेतीन मिनिटं. पौर्णिमेचं चांदणं म्हणजे उन्हाचा साधारण चार लाखावा हिस्सा. लेन्सचं छिद्र एफ ४ ला ठेवलं तर हिशेब मिनिटाच्या आसपास येतो. तटबंदीला मी सरळ चार मिनिटं दिली. निगेटिव्हला जास्तीचा उजेड पचतो, कमी पडलेला नाही.

वेळ भरून काढता येते हो, रंगाचं काय? कलर फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या, लाल उजेडाचे थर वेगवेगळे. उजेड मंद असला की कणावर चांदीचा पहिला अणू तयार होतो, पण पुढचा फोटॉन यायच्या आत तो मोडून जातो. ही गळती प्रत्येक थरात सारखी नसते. माझ्या फ्रेममध्ये तटाचा दगड छान आलाय, त्याखालच्या गवताची सावली मात्र हिरवट-निळी. स्कॅनमध्ये सावली सुधारायला जावं तर दगड गुलाबी होतो. लॅबच्या स्कॅनरने ऑटो रंगदुरुस्ती लावली तर विचारूच नका. फिल्मचा दोष कुठला नि मशीनचा कुठला, काही कळत नाही. ऑटो बंद ठेवून फ्लॅट, म्हणजे रंग-कॉन्ट्रास्ट न वाढवलेला स्कॅन मागा.

स्लाइडवाल्यांनी (थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी फिल्म वापरणाऱ्यांनी) फुजीची वेल्व्हिया ५० रात्री वापरू नये, असं माझं स्पष्ट मत. फुजीच्या तक्त्यातच ४ सेकंदांना एक तृतीयांश स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि ५ मजेंटा फिल्टर (रंग सावरायला गुलाबीसर फिल्टर, आकडा त्याच्या गडदपणाचा), ३२ सेकंदांना पुरा स्टॉप आणि १२.५ मजेंटा, ६४ सेकंद तर नकोच म्हटलंय. फुजीचीच दुसरी स्लाइड फिल्म प्रोव्हिया १००एफ १२८ सेकंदांपर्यंत काहीच मागत नाही. खिसा रिकामा होतो, ते वेगळं.

गडावर वारा भन्नाट. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला पिशवी अडकवायची तर तिचं बूड जमिनीला टेकलेलं पाहिजे. अधांतरी राहिली तर झोके घेते आणि कॅमेराच हलवते. केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार) ट्रायपॉडच्या एका पायाला चिकटपट्टीने बांधून टाकली. शटर मेकॅनिकल असेल तर बल्बवर (बटण दाबून ठेवू तोवर शटर उघडं) बॅटरीची काळजी नाही.

आता लांब एक्सपोजरमध्ये ध्रुवताऱ्याभोवती उमटणाऱ्या ताऱ्यांच्या रेषा करायच्यात. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १६ अंशांवर, आणि राजहंसगडावरून उत्तरेला बेळगावचा सगळा उजेड. अमावास्येला जांबोटीच्या बाजूला जायचं ठरतंय. कुणी येणार असाल तर स्वेटर आणा.